एक्स्क्यूज मी, आलोच!

मीटिंग रंगात आलीय. बॉस तिसऱ्या स्लाइडवर, आणि तुमचं सगळं लक्ष दाराकडे. आत्ताच तर जाऊन आलो, मग पुन्हा? सकाळी डोंबिवलीहून फास्ट पकडायची, तर पाण्याचा घोट नको, कारण लोकलमध्ये टॉयलेट नाही. सिनेमाला नेहमी कडेची सीट. एक्स्प्रेस-वेवर कुठे थांबायचं ते तोंडपाठ. मित्र म्हणतात, 'किती नर्व्हस होतोस रे!'

गंमत म्हणजे, घोळ खरंच 'नर्व्ह'चा असू शकतो!

मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. ते भरत आलं की कमरेखालच्या नर्व्हज मणक्यातून मेंदूला निरोप धाडतात. मेंदू म्हणतो, 'थांब जरा.' हा संवाद बिघडला की मूत्राशय धड भरण्याआधीच 'आत्ताच्या आत्ता'चा अलार्म वाजतो. याचं नाव ओव्हरॅक्टिव्ह ब्लॅडर. शौचावरचा ताबाही याच भागातल्या नर्व्हज सांभाळतात. बाळंतपणात इजा झालेल्या काही जणींना तो त्रास होतो, आणि तो तर आईलाही सांगवत नाही.

लगेच मशीनकडे धावायचं नाही हं. आधी तीन दिवस डायरी लिहा : किती प्यायलात, किती वेळा गेलात. चहा-कॉफी कमी करा. बद्धकोष्ठता असेल तर ती घालवा. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे, म्हणजे कीगल व्यायाम नीट शिकून घ्या. मग लागलीच तर गोळ्या. अनेकांचं काम इथेच भागतं.

नाही भागलं, तर नर्व्ह स्टिम्युलेशन. यातला सोपा प्रकार पायाचा. घोट्याच्या आतल्या बाजूला, जरा वर, एक बारीक सुई टोचतात आणि तिच्यातून सौम्य करंट सोडतात. तळपायाला मुंग्या येतात, बस्स! आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे १२ आठवडे. फरक पडला तर पुढे अधूनमधून एखादं सेशन. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी मात्र यापासून लांब राहायचं.

दुसरा प्रकार सेक्रल नर्व्ह स्टिम्युलेशनचा. माकडहाडाच्या वरच्या हाडातून बारीक वायर नर्व्हजवळ नेतात. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात एमिल टनागो आणि रिचर्ड श्मिट यांनी १९८०च्या दशकात ही वाट रुळवली. तिथल्या एफडीएने १९९७मध्ये लघवीच्या आणि २०११मध्ये शौचाच्या त्रासासाठी तिला परवानगी दिली.

यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे 'ट्रायल'. कार घेण्याआधी टेस्ट ड्राइव्ह घेतो ना, तसंच! काही दिवस मशीन शरीराबाहेरच राहतं. तुम्ही डायरी लिहायची. त्रास निम्म्याने तरी कमी झाला, तरच पेसमेकरसारखं छोटं यंत्र नितंबाच्या वर, त्वचेखाली बसवतात. नाही झाला, तर वायर काढून टाकायची.

पण ही जादू नव्हे. यंत्र बंद केलं की त्रास परत येऊ शकतो. वायर सरकते, इन्फेक्शन होतं, कधी पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. बॅटरीही कधीतरी संपते. खर्चही मोठा. त्यामुळे बॅटरी किती वर्षांची, चार्ज करायची का, एमआरआय चालेल का, इन्शुरन्स मिळेल का, हे सगळं आधी विचारून घ्या.

आणि एक लक्षात ठेवा. लघवीत रक्त आलं, ताप किंवा जळजळ असली, तर डायरी लिहीत बसू नका, डॉक्टर गाठा. अचानक ताबा सुटला आणि मांड्यांमधला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये पोहोचा.

एरवी या दुखण्यात सगळ्यात जास्त वर्षं जातात ती लाजण्यात. कुणी पाणी तोडतं, कुणी ट्रेकला जायचं सोडतं, कुणी तर प्रमोशनही नाकारतं, कारण नव्या कामात प्रवास फार! बॉसला सांगायची काही गरज नाही. पण युरॉलॉजिस्टसमोर बसल्यावर 'थोडंसं होतं' म्हणून विषय गुंडाळू नका. दिवसातून किती वेळा, ते आकड्यात सांगा. डॉक्टरांना त्यात काही नवल वाटत नाही.