जबड्याची सूज, गाठ आणि व्रण : प्रथम पाहणाऱ्या वैद्याचे कर्तव्य

आचार्य सुश्रुतांनी निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात ६५ मुखरोग सांगितले आहेत. ओष्ठाचे ८, दंतमूलाचे १५, दंतांचे ८, जिव्हेचे ५, तालूचे ९, कंठाचे १७ आणि सर्वसर ३, ही गणना आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत मुखोद्गत केलेली असते. परंतु भंडारा जिल्ह्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यापुढे रुग्ण जेव्हा तोंड उघडतो, किंवा पुरेसे उघडूच शकत नाही, तेव्हा त्या गणनेला आजच्या शल्यविज्ञानाची जोड द्यावी लागते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी धानाच्या रोवणीच्या दिवसांत लाखांदूर भागातील पन्नाशीचे एक शेतकरी आमच्याकडे आले. खर्ऱ्याची सवय जुनी. डाव्या गालाच्या आतील बाजूस, खालच्या दाढेलगत नाण्याएवढा व्रण होता, वेदना नव्हती. दाढेचे टोक घासत असावे असे समजून आम्ही खदिरादि वटी, इरिमेदादि तेलाचे गंडूष आणि त्रिफळा क्वाथाचे कवल दिले. जळजळ कमी झाली, व्रण तसाच राहिला. रोवणी आटोपली, निंदण झाले, धान कापणीला आले आणि मानेत टणक गाठ उमटली. नागपूरला बायोप्सी झाली, कर्करोग निघाला. जबड्याचा भाग आणि मानेतील गाठी काढाव्या लागल्या. औषधांनी जळजळ शमवण्याचे काम केले होते. निदान करण्याचे आमचे काम मात्र राहून गेले होते.

जबड्याचा जंतुसंसर्ग

जबड्यातील पूयाचा उगम बहुधा किडलेल्या, निर्जीव झालेल्या दातात असतो. दंतनाडीच्या चिकित्सेत सुश्रुतांनी असा दात काढण्यास सांगितले आहे. उपेक्षा केल्यास नाडी हनूच्या अस्थीचा भेद करते, हे त्यांचे निरीक्षण आजही तंतोतंत पटते. शेवटच्या दाढेशी होणारा अधिमांस हा अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेभोवतीच्या शोथाशी मिळताजुळता आहे. हनुवटीखाली किंवा गालावर वारंवार फुटणारे 'गळू' मलमाने बरे होत नसेल, तर त्याचे मूळ दातात शोधावे. सुजलेल्या गालावर बाहेरून गरम शेक दिल्यास पू त्वचेकडे ओढला जातो. शेक द्यायचाच तर कोमट मीठपाण्याच्या गुळण्यांनी आतून द्यावा.

जिभेखाली दोन्ही बाजूंनी फळीसारखी कठीण सूज, जीभ वर उचललेली, गिळण्यास वा श्वासास त्रास आणि ज्वर, असे चित्र दिसल्यास एक घटकाही दवडू नये. १८३६ मध्ये लुडविग यांनी वर्णन केलेला हा विकार श्वासमार्ग बंद करून प्राण घेतो. रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत विशेष सावध असावे. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे जे रुग्ण आढळले, त्यांतील अनेकांचे वरच्या जबड्याचे दात हलू लागले होते, हे आपण विसरलेलो नाही.

सिस्ट आणि अर्बुद

जबड्यातील सिस्ट म्हणजे आवरण असलेली, बहुधा द्रवाने भरलेली पोकळी. निर्जीव दाताच्या मुळाशी होणारी सर्वाधिक आढळते. न उगवलेल्या दाताच्या मस्तकाभोवती होणारी दुसरी. ती खालच्या अक्कलदाढेशी आणि वरच्या सुळ्याशी अधिक दिसते. दोन्ही वर्षानुवर्षे निःशब्द वाढतात. हाड पातळ झाले की बोटाने दाबताच अंड्याच्या टरफलासारखे करकरते. केराटोसिस्ट ही तिसरी, काढल्यावरही पुन्हा उद्भवणारी. जागतिक आरोग्य संघटनेने तिला २००५ मध्ये अर्बुदांत टाकले आणि २०१७ मध्ये पुन्हा सिस्टमध्ये आणले. तज्ज्ञांचेही वर्गीकरण जिथे बदलते, तिथे केवळ स्पर्शाने निर्णय देणे धाडसाचे होय.

अर्बुद सावकाश वाढते, खोल मुळाचे असते आणि पिकत नाही, ही सुश्रुतोक्त लक्षणे अमेलोब्लास्टोमाचे वर्णन वाचताना आठवतात. हे अर्बुद प्रायः खालच्या जबड्याच्या मागील भागात होते. दूर पसरणे क्वचित, पण आजूबाजूचे हाड ते पोखरते, आणि नुसते खरवडून काढल्यास पुन्हा उद्भवते. म्हणून जबडा एका बाजूने फुगत असेल, निरोगी दात हलू लागले असतील किंवा खालचा ओठ बधिर झाला असेल, तर क्ष-किरण चित्र काढल्यावाचून कोणतेही औषध सुरू करू नये.

खर्रा आणि ताठरलेले मुख

महाराष्ट्रात २०१२ च्या जुलैमध्ये गुटख्यावर बंदी आली. तथापि सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून पन्नीत बांधलेला खर्रा आपल्या भागातून हटला नाही. स्त्रियांमधील गुडाखू व नस यांचीही चौकशी करावी. तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. सुपारीमुळे गालाची आतील त्वचा पांढुरकी व ताठर होते, तिखट सोसत नाही, तोंड उघडणे कमी होत जाते. यालाच सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. केरळमधील एर्नाकुलम येथे ६६ रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा झाला, त्यांतील ७.६ टक्क्यांना कर्करोग झाल्याचे १९८५ मध्ये नोंदले गेले. रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी तोंडात मावतात की नाही, हे पाहण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. खर्रा सोडल्यावरही हा ताठरपणा बहुधा पूर्णपणे जात नाही. म्हणून अशा रुग्णाचे मुख नियमितपणे पाहत राहावे.

बायोप्सी : समज आणि गैरसमज

'गाठीला सुई-सुरी लावली की ती पसरते' ही समजूत आपल्या गावागावांत आहे आणि तिने अनेकांचे अमूल्य महिने गिळले आहेत. योग्य रीतीने केलेल्या बायोप्सीने होणारे नुकसान नगण्य असून निदानाला दुसरा पर्याय नाही. नियम साधा आहे : घासणारा दात, टोचणारी कवळी असे कारण दूर केल्यावर दोन आठवड्यांत जो व्रण, पांढरा वा लाल चट्टा भरून येत नाही, त्याची बायोप्सी व्हावी.

लहान व निरुपद्रवी वाटणारी गाठ तज्ज्ञ पूर्णपणे काढून तपासणीस पाठवतात. संशयित व्रणाचा मात्र तुकडाच घेतात, तोही कडेचा, लगतच्या निरोगी भागासह. मधल्या सडलेल्या भागातून निदान होत नाही. तुकडा त्याच्या दहापट फॉर्मलिनमध्ये ठेवतात. पाण्यात ठेवल्यास तो बिघडतो. हाडातील पोकळी उघडण्यापूर्वी सुईने द्रव ओढून पाहतात. नुसते रक्त आले तर रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. संशयित व्रणावर क्षारकर्म वा अग्निकर्म आपण कदापि करू नये, कारण त्याने खरे स्वरूप झाकले जाते. अहवाल निर्दोष आला आणि व्रण तरीही टिकला, तर बायोप्सी पुन्हा करून घ्यावी.

औषधी दुकानदार बंधूंसाठी

'तोंड आले आहे, काही द्या' असे म्हणत येणारा ग्राहक प्रथम आपल्यालाच भेटतो. मलमाची नळी देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : किती दिवस झाले? खर्रा खाता का? तेच मलम तिसऱ्यांदा मागणाऱ्यास वैद्याकडे वा दंतवैद्याकडे पाठवावे. गालफड सुजलेल्यास चिठ्ठीवाचून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या देऊ नयेत. सूज दबते, मूळ तसेच राहते.

समारोप

भंडाऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आणि राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आपल्या रुग्णांच्या आवाक्यात आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, हेही रुग्णास सांगावे, कारण खर्चाच्या भीतीने तो घरी बसतो. पाठवलेल्या रुग्णाची नोंद ठेवून पंधरा दिवसांनी त्याची विचारपूस करावी. शस्त्रक्रियेनंतर पथ्य, बलवर्धन आणि व्यसनमुक्ती यांसाठी तो पुन्हा आपल्याचकडे येणार आहे. त्या शेतकऱ्यांनंतर आम्ही प्रत्येक मुखव्रणाच्या नोंदीवर पहिल्या भेटीची तारीख आणि तिच्याखाली चौदाव्या दिवसाची तारीख लिहू लागलो. आमच्या वैद्यबंधूंनीही हा परिपाठ स्वीकारावा, अशी नम्र विनंती आहे.