दोन महामार्गांच्या मध्ये धरणगाव

सुरतेकडून धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव असा पूर्वेस जाणारा राष्ट्रीय महामार्ग, ज्याचा पूर्वीचा क्रमांक ६ आणि आताचा ५३, तापीच्या दक्षिणेस, तर शिरपूर, चोपडा, यावल, रावेर ही सातपुड्याच्या पायथ्याची गावे सांधणारा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता उत्तरेस. खानदेशच्या या दोन थोर मार्गांना एरंडोल-धरणगाव-चोपडा हा पन्नास किलोमीटरांच्या आतला रस्ता जोडतो.

ज्या धरणगाव कसब्यातून तो जातो तो काही आडवाटेचा नव्हे. इंग्रजांनी १६७४ साली येथे वखार घातली; पुढे १६७५ व १६७९ मध्ये मराठी फौजांनी ही पेठ लुटली, ती अर्थातच संपन्न होती म्हणून; आणि कंपनी सरकारचा अंमल बसल्यावर आउट्राम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ साली उभारलेल्या भिल्ल पलटणीचे ठाणेही येथेच होते.

आज दसऱ्यानंतर या रस्त्याने कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगकडे निघतात, कठड्यांबाहेर फुगलेल्या आणि वरून दोरखंडांनी आवळलेल्या. उत्तरेकडून केळीचे ट्रक येतात, आणि त्या दोहोंच्या मधून एस.टी. वाट काढते. रस्त्याचा खरा शत्रू मात्र ही वाहने नव्हेत, तर पायाखालची काळी कसदार जमीन होय, कारण जी माती कपाशीला पोसते तीच पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर मुरुमाचा पुरेसा थर न घालता अंथरलेले डांबर एकदोन पावसाळ्यांतच उचकटून टाकते. पाणी मोरीतून निघून न जाता कडेला साचले की हा विध्वंस अधिकच लवकर होतो.

परदेशांत मोठ्या द्रुतगती मार्गांना फाटे न ठेवता उड्डाणपुलांवरून वळसे देतात, म्हणजे वाहनास थांबावे लागत नाही. एवढ्या थाटाची अपेक्षा आपण धरणगावास करावी असे मला वाटत नाही. परंतु महामार्ग चौपदरी करताना जो पैसा सढळ हाताने खर्च होतो, त्याचा अल्पांश जरी या रस्त्याच्या वाट्यास आला तरी पुष्कळ होईल. बांधकाम खात्याने निदान मोऱ्या मोकळ्या कराव्यात, साइडपट्ट्या मुरुमाने भरून घ्याव्यात, आणि ही कामे मृगाचा पाऊस येण्यापूर्वी उरकावीत.