टिंबांमागचे शब्द

'मु. पो. सोनारी, ता. परंडा, जि. धाराशिव.' भैरवनाथाच्या सोनारीला धाडावयाच्या पाकिटावर पत्ता असाच लिहितात. पण तोच कोणाला वाचून दाखवायचा झाला, तर 'मु पो' असे कोणी म्हणत नाही. शाळेतले पोरही 'मुक्काम पोस्ट सोनारी, तालुका परंडा' असे घडाघडा वाचते. लिहिणाऱ्याने शाई वाचवली, वाचणाऱ्याने भरून काढली! जुन्या पत्रांतले 'सा. न. वि. वि.' आपण असेच 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' म्हणून वाचत आलो. मग इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचताना आपण अडखळतो तो का?

अडखळतो, कारण तिथे तऱ्हा एक नाही. 'बी. बी. सी.'ची अक्षरे सुटी म्हणायची आणि जोर शेवटच्या 'सी'वर द्यायचा. 'युनेस्को' मात्र सबंध शब्द. टपालखात्याचेच पाहा ना! १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला 'पिन' हा 'पोस्टल इंडेक्स नंबर'चा संक्षेप, त्याला 'पी. आय. एन.' कोणी म्हणत नाही. पण 'व्ही. पी. पी.' अक्षरांनीच म्हणावी लागते. अक्षरांत स्वर असला की शब्द होतो, असा नियम काढाल तर तोही फसेल. 'यू. एस. ए.'ला 'उसा' म्हटलेले कोणी ऐकले आहे काय?

तिसरी तऱ्हा खरी खट्याळ. लिहिलेले एक आणि वाचायचे भलतेच. वजनापुढे 'एल' आणि 'बी' ही अक्षरे दिसली की तोंडाने 'पाउंड' म्हणायचे. अक्षरे लॅटिनमधल्या 'लिब्रा'ची, उच्चार इंग्रजी. 'ई. जी.' दिसले की 'फॉर एक्झाम्पल' आणि 'आय. ई.' दिसले की 'दॅट इज' असे वाचण्याचा प्रघात आहे.

परीक्षेला बसणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. 'बी. ए.'च्या आधी 'ए' येतो, पण 'एम. ए.'च्या आधी 'अ‍ॅन'. 'एम' हे व्यंजन खरे, परंतु त्याचा उच्चार 'ए'ने सुरू होतो, आणि इथे कान डोळ्यांपेक्षा वरचढ!

आपल्या खेड्यांनी तर याही पुढे मजल मारली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली. त्या दोन अक्षरांची लोकांनी 'एस्टी' केली, कुठे 'यष्टी' केली, आणि ती चक्क मराठी स्त्रीलिंगी नाम होऊन बसली. दाखल्याच्या अर्जावर तीच दोन अक्षरे अनुसूचित जमातीसाठी येतात. तिथे मात्र 'यष्टी' चालायची नाही.

इथवर सारी गंमत. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीपाशी ती संपते. घरातल्या शिकलेल्या नातवाला आजी विचारते, "बाळा, काय लिवलंय रं?" तो झोकात वाचतो, "बी. डी." उच्चार बिनचूक, आजीच्या पदरी मात्र काही नाही! 'बी. डी.' म्हणजे दिवसातून दोन वेळा, 'टी. डी. एस.' म्हणजे तीन वेळा, 'एच. एस.' म्हणजे निजताना. मूळ शब्द सारे लॅटिन. 'एस. ओ. एस.' पाहून तर वाचणाऱ्याला बुडत्या जहाजाची हाक आठवावी. चिठ्ठीवर त्याचा अर्थ एवढाच, की गरज भासली तरच घ्या. ती गोळी रोज नेमाने घेत राहिले, तर औषधाचाच अपाय व्हायचा. म्हणून इथे अक्षरे वाचूच नयेत; आजीला 'लागली तरच घे' असे मराठीतच सांगावे, आणि शंका आल्यास औषधाच्या दुकानात पुन्हा विचारावे.

कारण गोळीच्या पुढे 'ओ. डी.' असेल तर दिवसातून एकदा, आणि चष्म्याच्या चिठ्ठीवर तेच 'ओ. डी.' असेल तर उजवा डोळा!