कार्बनवरचा सिलिकॉनचा थेंब

घन पृष्ठभागावर द्रव पसरतो की गोळा होऊन बसतो, हे त्या दोघांमधील ओढ आणि द्रवाचा स्वतःचा पृष्ठताण यांच्या रस्सीखेचीवर ठरते आणि ते स्पर्शकोनावरून, म्हणजे थेंबाची कड जेथे टेकते तेथे द्रवाच्या आतून मोजलेल्या कोनावरून कळते. हा कोन ९० अंशांहून मोठा असेल तर द्रव पृष्ठभागाला भिजवत नाही. अळवावरचे पाणी हे त्याचे घरगुती उदाहरण. थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये मांडलेला यामागचा समतोल मात्र पृष्ठभाग जसाच्या तसा राहतो असे धरून चालतो, आणि वितळलेले सिलिकॉन कार्बनला टेकले की नेमके हेच गृहीतक कोसळते.

सिलिकॉन १४१४ अंश सेल्सिअसला वितळते; त्याचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे दहापट असतो, तरी वाहण्यात ते पाण्याइतकेच सैल असते. निर्वात भट्टीत काचेसारख्या गुळगुळीत कार्बनच्या चकतीवर त्याचा थेंब ठेवला, तर प्रारंभी तो अळवावरच्या थेंबासारखाच फुगून बसतो. पण हळूहळू त्याची कड बाहेर सरकू लागते आणि अखेरीस कोन ३० ते ४० अंशांच्या आसपास येऊन स्थिरावतो. सिलिकॉन कार्बाइडच्या तयार तुकड्यावरही सिलिकॉनचा कोन जवळपास एवढाच भरतो, हा योगायोग नव्हे. थेंबाच्या कडेशी सिलिकॉन आणि कार्बन यांचा संयोग होऊन कार्बाइडचा पातळ थर बनतो, आणि द्रव पसरतो तो या थरावर. म्हणजे सिलिकॉन कार्बनला भिजवत नाही, ते आपणच अंथरलेल्या कार्बाइडला भिजवते. केवळ वाहण्याचाच प्रश्न असता तर एवढासा थेंब सेकंदाच्या शतांश भागात पसरून मोकळा झाला असता. त्याला मिनिटे लागतात, कारण अंथरूण घालण्याचा वेग रासायनिक अभिक्रिया ठरवते.

कल्हईच्या भांड्यात याचेच भावंड दिसते. तापल्या तांब्यावर नवसागर फिरवला की ऑक्साइडचा थर निघतो, कथील सरसर पसरते आणि दोन्ही धातूंच्या सीमेवर त्यांचे संयुग तयार होते. भट्टीत नवसागराचे काम निर्वात आणि उष्णता करतात; सिलिकॉनवरील ऑक्साइड तेथे वायुरूप मोनॉक्साइड होऊन निघून जातो.

कार्बाइड बनले की द्रव पसरतो, हा नियम मिश्रधातूंमध्ये अधिकच उघड होतो. शुद्ध तांबे कार्बनवर १३० अंशांहून मोठा कोन करून अलिप्त राहते. त्यात कार्बाइड बनण्याइतके सिलिकॉन मिसळले की तेच तांबे पसरू लागते.

उद्योगाला या पसरण्याचे मोल मोठे आहे, कारण सच्छिद्र कार्बनमध्ये वितळलेले सिलिकॉन वातीत तेल चढावे तसे आपोआप शिरते आणि आतल्या आत कठीण सिरॅमिक घडवते; महागड्या मोटारींच्या कार्बन-सिरॅमिक ब्रेक चकत्या अशाच होतात. परंतु जो थर वाट करून देतो तोच पुढे वाट अडवतो. ग्राफाइटचे कार्बाइड होताना त्या घनाचे आकारमान दुपटीहून अधिक वाढते, त्यामुळे फार बारीक छिद्रे मध्येच बुजतात आणि पलीकडचा कार्बन कोरडा राहतो. शिवाय थर काही मायक्रोमीटर जाड झाला की त्यातून अणूंची ये-जा मंदावते आणि अभिक्रिया रेंगाळते. छिद्रे रुंद ठेवावीत, तर त्यांत सिलिकॉन शिल्लक उरते. गोठताना ते बर्फासारखे फुगत असल्याने थंड झालेल्या वस्तूच्या अंगावर घाम फुटावा तसे त्याचे चकचकीत मणी बाहेर येतात आणि ते खरवडून काढावे लागतात. आत राहिलेले सिलिकॉन १४१४ अंशांजवळ पुन्हा वितळून वस्तूला दगा देते.

यावर तोड म्हणून सिलिकॉनमध्ये मॉलिब्डेनम मिसळतात, म्हणजे उरलेल्या सिलिकॉनच्या जागी २००० अंशांच्या पुढे वितळणारे मॉलिब्डेनम डायसिलिसाइड साठते. मात्र वाटेत कार्बन सिलिकॉन खात जातो तसतसे द्रवातील मॉलिब्डेनमचे प्रमाण वाढते, घन डायसिलिसाइड वेळेआधीच वेगळे होऊ लागते आणि पुरेसे तापमान नसल्यास मिश्रधातू छिद्राच्या मध्यावरच अडकून बसतो.