शाळेनं नाव कमी केलं, आता दाद कुठे मागायची?

“सरांनी हजेरीतून नाव कमी केलंय, आता काही होत नाही.” हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव-औंढ्याकडच्या तांड्यांवर ऊसतोडीहून किंवा वीटभट्टीवरून परतलेल्या आईबापांची अशी समजूत असते आणि गावातली चार शिकलेली माणसंही तिला दुजोरा देतात. तो देऊ नये.

इंग्लंडमध्ये प्रवेश नाकारला किंवा मुलाला कायमचं काढलं, तर पालकांनी दाद मागितल्यावर ती ऐकायला किमान तीन जणांचं स्वतंत्र मंडळ बसतं. सदस्य विनामोबदला काम करतात आणि त्यांतला एक तरी पेशानं शाळेशी संबंध नसलेला असावा लागतो. हिंगोलीत असं मंडळ नाही, हे खरं. पण मंडळ नाही म्हणून दादही मागता येत नाही, हे खोटं.

1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याचं 16वं कलम सांगतं, की आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईतो कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. 2019च्या दुरुस्तीनं पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा दिली, काढण्याची नाही. या दोन गोष्टींची गल्लत मुख्याध्यापकांच्या खोलीतही होते. नववीपासून मात्र हे संरक्षण उरत नाही.

“टीसी आणा, मग बघू.” हे तर सर्रास. कलम 5 प्रमाणे दाखला उशिरा येतोय म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. उलट दाखला द्यायला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम 14 नुसार जन्माचा पुरावा नसणं हेही कारण चालत नाही. मूल कधीच शाळेत गेलं नसेल, तरी त्याला वयाप्रमाणेच्या वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं विशेष प्रशिक्षणातून भरून काढायचं, असं कलम 4 सांगतं. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेतली, तर पहिल्यांदा 25 हजारांपर्यंत आणि नंतर दर वेळी 50 हजारांपर्यंत दंड आहे. हा नियम वसमतच्या इंग्रजी शाळेलाही लागू आणि कळमनुरीच्याही.

इथवर कागद बोलला. कागद हलवायचा कुणी?

जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. ती सरपंचाची, नाहीतर मुख्याध्यापकांच्या सोयीची, असं गाव धरून चालतं. कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला. अध्यक्षही पालक सदस्यांतूनच निवडायचा. मुख्याध्यापक सचिव असतात, मालक नव्हे. सही न येणारी आईसुद्धा सदस्य होऊ शकते. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात आणि बैठक ‘पार पडते’. याला समितीचं काम म्हणवत नाही. शाळेतून गळलेली मुलं हुडकून त्यांना परत वर्गात बसवणं, हे या समितीचं खरं काम. विनाअनुदानित शाळांना मात्र अशी समिती बंधनकारक नाही.

आणखी एक समजूत अशी, की तक्रार बापानंच करायची. कलम 32 मध्ये शब्द आहेत ‘कोणतीही व्यक्ती’. शेजारी, निवृत्त गुरुजी, अंगणवाडीताई, कुणीही. तक्रार लेखी हवी आणि ती स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे ग्रामीण भागात जिल्हा परिषदेकडे करायची. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही, तर मुंबईच्या राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

खरी उणीव इथेच आहे. जिल्हा परिषद शाळेविरुद्धची तक्रार ऐकणार जिल्हा परिषदच! इंग्लंडच्या मंडळातला तो त्रयस्थ माणूस आपल्या पहिल्या पायरीवर नाही. तो थेट आयोगात भेटतो आणि हिंगोलीहून मुंबई लांब आहे. म्हणूनच अर्ज लिहून देणारा, सुनावणीला सोबत बसणारा माणूस गावात लागतो. त्याला वकिलीची सनद लागत नाही. अर्ज दोन प्रतींत न्यावा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नये. तीन महिने उलटले, हे उद्या आयोगापुढे दाखवायला तीच प्रत कामी येते.