पेशीमागून पेशी

आमच्या चुलत्यांवर शेजाऱ्याने एक दावा लावला होता. वाद तो केवढा? धानाच्या दोन बांध्यांमधील एका धुऱ्याचा. त्या धुऱ्यापायी अकरा वर्षे ते पेशीस जात राहिले, व अखेरची काही वर्षे मी त्यांचा हात धरून जात असे. सकाळी दहास आवारातील निंबाखाली बसावे. पुकारा व्हावा तो दुपारी, आणि मग कळावे की साहेब रजेवर आहेत, किंवा प्रतिपक्षाच्या वकिलांनी मुदत मागितली आहे, किंवा (हे आम्ही तीनदा ऐकले) कागदांचे गाठोडेच सापडत नाही. ते गाठोडे कोणाच्या स्वाधीन होते, अशी विचारणा कोणी कोणास केल्याचे मला दिसले नाही. न्यायालय कोणते, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. मनाई हुकुमामुळे ती पट्टी मात्र पडीकच राहिली.

संस्कृतचा विद्यार्थी असल्यामुळे अशा वेळी मला कौटिल्य आठवे. अर्थशास्त्राच्या ज्या अधिकरणात चोर व लबाड कारागीर यांचा समाचार घेतला आहे, त्या ‘कण्टकशोधना’तच त्याने धर्मस्थास, म्हणजे न्यायाधीशास, बसविले आहे. जो धर्मस्थ कालहरण करून पक्षकारास थकवितो व निघून जाण्यास भाग पाडतो, त्यास उत्तम साहसदंड. पुन्हा तेच केल्यास दुप्पट दंड व अधिकारावरून दूर करणे. लेखकासही सोडलेले नाही. बोललेले न लिहिणारा व न बोललेले लिहिणारा, दोघेही दंडास पात्र. हा दंड किती धर्मस्थांनी खरोखर भरला, हे ग्रंथ सांगत नाही. परंतु विलंब हा अपराध होय व त्यास कर्ता असतो, एवढे तरी त्या काळी मान्य होते.

आज काय स्थिती आहे? न्यायाधिकाऱ्यास त्याच्या न्यायदानाच्या कामाबद्दल दाव्यापासून संरक्षण देणारा कायदा इंग्रजांनी 1850 साली केला, व 1985 च्या कायद्याने ते अधिक दृढ झाले. हे संरक्षण असावे, असेच माझे मत आहे. हरलेला प्रत्येक पक्षकार न्यायाधीशास कोर्टात खेचू लागला, तर निर्भयपणे निकाल कोण देईल? परंतु हे कवच निर्णयासाठी आहे. निर्णयच न देणे यास निर्णय कसे म्हणावे?

सरकारी कचेरीतील कागद एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक पडून राहू नये, असा ‘दफ्तर दिरंगाई’ म्हणून ओळखला जाणारा कायदा महाराष्ट्राने 2005 साली केला. त्याच वर्षीच्या माहिती अधिकाराच्या कायद्यात, मुदतीत माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्यास दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000 रुपये दंड आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेतही मुदती आहेतच : पक्षकारास तीनांहून अधिक तहकुबी देऊ नयेत, युक्तिवाद संपल्यावर 30 व फार तर 60 दिवसांत निकाल द्यावा. मुदत टळली तर पुढे काय, येथे मात्र संहिता मौन धरते. उच्च न्यायालयांच्या राखून ठेवलेल्या निकालांविषयी सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली अनिल राय यांच्या प्रकरणात मार्ग घालून दिला. तीन महिन्यांत निकाल न आल्यास पक्षकाराने अर्ज करावा; सहा महिने लोटल्यास प्रकरण दुसऱ्या पीठाकडे द्यावे, अशी मुख्य न्यायमूर्तींस विनंती करावी. पण वाचकहो, ज्याच्या लेखणीवर आपले भवितव्य अवलंबून, त्याच्याविरुद्ध अर्ज करण्यास किती जण धजतील?

आमच्या सावलीहून वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. तेथील सत्र न्यायालयाने 7 मार्च 2017 रोजी प्रा. साईबाबा व इतर पाच जणांना दोषी ठरविले. त्यांत एटापल्ली तालुक्यातील पांडू नरोटे हा आदिवासी तरुण होता. त्या प्रकरणातील राजकारणाशी मला येथे कर्तव्य नाही. तारखा तेवढ्या पाहाव्या. अपील 2017 चे. नरोटे ऑगस्ट 2022 मध्ये बंदिवासातच वारला. ऑक्टोबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. सर्वोच्च न्यायालयाने 19 एप्रिल 2023 रोजी तो निकाल रद्द करून शक्यतो चार महिन्यांत फेरनिर्णय द्यावा असे सांगितले. तो आला 5 मार्च 2024 रोजी, पुन्हा निर्दोष. नरोटे दोन वेळा निर्दोष ठरला, दोन्ही वेळा मृत्यूनंतर. या पाच वर्षांचा जाब कोणाकडे मागावा?

एकट्या न्यायाधीशांकडे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. दहा लाख लोकांमागे 50 न्यायाधीश असावेत, असे विधी आयोगाने 1987 साली सुचविले. अद्याप त्याच्या निम्मेही नाहीत. एका दिवसाच्या बोर्डावर शंभर प्रकरणे असलेल्या गृहस्थास मी तरी दंड करणार नाही. माझे मागणे लहान आहे. पेशी पुढे ढकलताना ती कोणामुळे ढकलली, न्यायाधीश, वकील, पोलीस की कारकून, हे रोजनाम्यात स्पष्ट लिहावे, व वर्षाअखेर त्याची बेरीज उच्च न्यायालयाने पाहावी. खालच्या न्यायालयांवर नियंत्रणाचा अधिकार राज्यघटनेच्या 235 व्या अनुच्छेदाने त्यास दिलेलाच आहे. गाठोडे तीनदा हरवल्याची नोंद तीनदा झाली असती, तर चौथ्यांदा ते बहुधा सापडलेच असते.

चुलते गेल्या पावसाळ्यात वारले. परवा नातवाने आपल्या मोबाईलवर न्यायालयाचे संकेतस्थळ उघडून आमचा दावा शोधला व मोठ्याने वाचून दाखविले : पुढील पेशी, मयत प्रतिवादीचे वारस दाखल करण्यासाठी. वारसांत माझ्या चुलतभावाचे नाव आहे. त्याने धाकट्या मुलासही आतापासूनच बरोबर न्यावयाचे ठरविले आहे.