दुधी भोपळा : आधीं चव, मग चूल

जालना जिल्ह्यांतून पूर्णा, दुधना व कुंडलिका या नद्या वाहतात. दक्षिण सीमेवर गोदावरी आहे. पावसाळ्यांत येथील काळ्या जमिनींत दुधी भोपळ्याचा वेल मांडवावर झपाट्यानें पसरतो, आणि त्याचें कोंवळें फळ भाजी होऊन ज्वारीच्या भाकरीबरोबर ताटांत येतें.

या फळांत शेंकडा ९० हून अधिक भाग पाणी असतें. म्हणून तें पचनास हलकें. झांकण ठेविलें कीं तें आपल्याच पाण्यांत शिजतें. तेल बेताचें पुरतें, आणि हरभऱ्याची डाळ घातली म्हणजे भाजीस पौष्टिकपणा येतो.

मात्र एक नियम प्रत्येक घरीं पाळावयास हवा. काकडी-भोपळ्याच्या कुळांत क्युकर्बिटासिन नांवाचीं कडू द्रव्यें असतात. एखाद्या दुधींत तीं फार वाढलीं तर बाहेरून ओळखूं येत नाहीं. पण त्याचा रस पिणारास वांत्या, जुलाब, रक्तस्राव होऊन क्वचित् मृत्युही ओढवतो. शिजविल्यानेंही तीं नाहींशीं होतात असें समजूं नये. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ-समितीनें २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत सांगितलें, कीं रस काढण्यापूर्वीं लहानशी फोड चाखावी आणि ती कडू लागल्यास फळ टाकून द्यावें. हाच नियम भाजीसही लावावा. चवीस उतरलेला दुधी मग निर्धास्तपणें रांधावा.